प्रशांतचा लॅपटॉप पुसला

मंगळवार, ११ नोव्हेंबर

उद्या प्रशांतचा लॅपटॉप पुसणार!

कृतिकाला कॉलेजात घरांचे नकाशे काढायचेत, सोमवारी द्यायचेत. माझी नात घरं बांधणार — केवढं सुख! पण तो नकाशांचा प्रोग्राम प्रशांतच्या सिस्टीमवर चालत नाही म्हणे. लॅपटॉपची मूळची विंडोज काढून माझ्या लेकाने ती बदकवाली लिनक्स टाकलेली. "आजी, पेंग्विन आहे तो." असेना. चालतो तर बदकासारखाच.

"फोटो सगळे काढून घेतलेत, काही जाणार नाही," म्हणाली.

जाणार कसं नाही? उघडला की आधी पडद्यावर यायचं — आई, चष्मा लाव. माझ्यासाठी घातलेलं त्याने. तो जाऊन वर्ष झालं, तरी ते यायचं.

मीच म्हटलं, पूस बाई. तुझा अभ्यास मोठा.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मानपाड्याला कमलेशच्या दुकानात गेलो. स्टूल एकच, ते मला दिलं. वर चहा. गुणी पोरगा, लग्न व्हायचंय अजून.

पडद्यावर आकडे चढत गेले आणि बदक गेलं. मग निळं निळं काहीतरी उघडलं. आज कुणी सांगितलं नाही, तरी मी चष्मा लावला.

पण कोपऱ्यात अक्षरं राहिली — ॲक्टिवेट करा म्हणून. कमलेश म्हणाला, "आजी, मागे आतला बोर्ड बदललाय ना, म्हणून ओळख पटत नाही. विंडोज ओरिजिनलच आहे, पण ज्याच्या खात्यावर आहे त्याने सांगायला पाहिजे."

"तो कसा सांगणार रे?"

बिचारा वरमला. "म्हणजे... कोड येतो, त्याच्या मोबाईलवर. जुगाड करून देऊ का दुसरा?"

"नको, कॉलेजवाले मशीन तपासून मगच प्रोग्राम देतात," कृतिका म्हणाली. "आणि पप्पांचा नंबर केव्हाच बंद केला आम्ही."

मी आपली चपलेकडे बघत बसले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बंद नाही केलेला.

दर्शना म्हणालेली, "आई, तो नंबर आता कशाला? बंद करून टाका." सूनबाई तशी खमकी. महिन्यात त्याचे शर्ट देऊन टाकले, डोळ्यातून टिपूस नाही. मी हो म्हटलं आणि फोन पापडाच्या डब्यात ठेवला. अजून तिथेच आहे. चालू नाही करत कधी. पण नाक्यावर जाऊन रिचार्ज मारते. नंबर दुसऱ्या कुणाला दिला तर? भलताच कुणी हॅलो म्हणेल!

जाताना सांगते, कोथिंबीर आणायला जाते. दर्शना हसते. "आई, म्हशी पाळल्यात का? एवढी कोथिंबीर खातं कोण!"

तिला कळलं तर म्हणेल सासूला वेड लागलंय. नंबर बंद करायला लावेल. मग माझ्याकडे काय उरलं? पण पोरीचे नकाशे अडलेत. जीव नुसता वरखाली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दर्शना दवाखान्यात कामावर गेल्यावर डबा काढला. फोन चार्जिंगला लावला, कृतिकाला हाक मारली. बघतच राहिली. "आजी! तू पण ना!" गळ्यात पडून रडली पोर.

मग लॅपटॉपवर त्याचं खातं घातलं. थांबलो. आणि — टुंग!

वाजला! प्रशांतचा फोन वाजला! मी "आले आले" म्हणत उठले की हो. टेबलावरच तर होता, पुढ्यात.

कृतिकाने कोड टाकला. कोपऱ्यातली अक्षरं गेली. "झालं ॲक्टिवेट!" मी तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला.

तेवढ्यात परत टुंग, टुंग. कृतिका एकेक वाचत गेली. फोन बंद असताना कुणी लावला की कंपनीचा मेसेज येतो म्हणे. याच आठवड्यातले होते सगळे. रोज दुपारचे, जेवणाच्या सुट्टीतले.

"कुणाचे गं?"

"मम्मीचे."

"बंद आहे" एवढंच सांगते ती बाई फोनमधली. तेवढं ऐकायला रोज लावते माझी दर्शना?

संध्याकाळी ती आली. मी तिला भात जास्त वाढला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

कृतिका नकाशे देऊन आली. फोन आता डब्यात नाही, फ्रिजवर असतो. चालू.

दुपारी वाजला. दर्शना, नौपाड्यातल्या दवाखान्यातून. मी चष्मा लावला, उचलला. म्हटलं, "जेवलीस का गं?"

कोण बोलतंय हे तिने विचारलंच नाही. म्हणाली, "आई, या वेळची कोथिंबीर मी आणते."