आईचे कान

प्रिय ताई,

हे पत्र वकीलबाईंच्या हाती देतोय, म्हणजे तुरुंगातल्या साहेबांनी उष्टं करण्याआधी तुला मिळेल. तू आत जाऊन सात महिने झाले. सभागृहातली तुझी खुर्ची रिकामी आहे, आणि तू निवडून आलीस तेव्हा माझ्या लाउडस्पीकरवर नाचून घेणारे शहाणे आता मला बघून रस्ता ओलांडतात. सरकारी दवाखाना विकू नका म्हणून तू पाचशे माणसं कचेरीपुढे नुसती बसवलीस. एक दगड नाही, एक शिवी नाही. आणि कागदोपत्री काय, तर 'कचेरी पेटवा' असं तू माईकवरून ओरडलीस! असल्या खोट्याखाली सही करणाऱ्याचा हात कसा झडला नाही?

घरचं म्हणशील तर आईचं एक नवीनच सुरू झालंय. त्या दिवशी ती पार मागे, फाटकाशी बसली होती. तुझी पहिली दोन वाक्यं तिला ऐकू आली, पुढे काही नाही. पण पोलीस म्हणतात, पेपरवाले म्हणतात, आवाज शेवटपर्यंत खणखणीत होता. मग तिने ठरवूनच टाकलं की आपले कान गेले. वकीलबाई साक्षीसाठी विचारायला आल्या तर म्हणाली, बहिऱ्या बाईची साक्ष कसली घेता, लेकीला आणखी गोत्यात आणाल. गेल्या आठवड्यात तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने नीट तपासलं आणि हसून म्हणाला, आजी, माझ्यापेक्षा तुमचे कान बरे आहेत. आई तिथेच रडायला लागली. मग माझं डोकंच फिरलं असेल रे, म्हणाली. मी शेजारी मख्खासारखा बसलो होतो. ताई, त्या खुर्चीत मला माझी शिसारी आली.

कारण मला ठाऊक होतं. इन्स्पेक्टरने मागून येऊन माझ्या मशीनची वायर उपटली, तेव्हा मी हातभर अंतरावर होतो. पिन तुटून बोर्डातच राहिली. तू तशीच घसा ताणून 'बसून राहा, उठू नका' म्हणत राहिलीस, ते पुढच्या दोन रांगांनाच ऐकू आलं. माईक बंद होता हे तू पहिल्या दिवसापासून सांगते आहेस, पण माईक शेवटपर्यंत चालू होता आणि तू 'पेटवा' म्हणालीस, असा एका साक्षीदाराचा जबाब सरकारकडे आहे, नाव झाकून ठेवलेला. तुला वाटलं असेल, कुणीतरी भाडोत्री. तो मी आहे. ठाण्यात दिवसभर बाकावर बसवलं. मारलं नाही. परवाना आणि सामान दोन्ही जाईल, एवढंच म्हणाले. न वाचता सही केली असं सांगता आलं असतं. मी वाचून केली, दोनदा वाचून.

गुरुवारी मला कोर्टात उभं करणार आहेत. ती पिन मी तेव्हाच पक्कडीने काढून ठेवली होती, का ते माहीत नाही. ती घेऊन जातोय आणि सगळं सांगणार आहे. खोट्या जबाबासाठी मलाही आत टाकतील, टाकू देत. काल आईला सांगितलं. तिने अशी सणसणीत कानाखाली वाजवली की अजून गुणगुणतंय. मग म्हणाली, म्हणजे मला बरोबर ऐकू आलं होतं. तीही येतेय साक्षीला. सरकारचा साक्षीदार म्हणून माझं नाव पुकारतील तेव्हा तुला ते पहिल्यांदा कळू नये, म्हणून हे पत्र. माफी मागत नाही. लहानपणी मी रडलो की अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं, म्हणून तू मला भोंग्या म्हणायचीस. गुरुवारी तेवढ्याच मोठ्याने बोलेन.

तुझाच,
भोंग्या