मुद्दाम चुकलेली चाचणी

सॅडल क्रीक, टेक्सास
१९ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांना,
मारीसोलचा शि. सा. न. वि. वि.

मुद्दाम चुकीची उत्तरं देऊन सुटणाऱ्या मुलाला अडवायचं कसं? विचार करून थकले. फोनवर तुम्ही हसून विषय बदलता, म्हणून हे पत्र.

फुटबॉलचा मोसम सुरू होण्याआधी शाळेत पोरांच्या स्मरणशक्तीची चाचणी घेतात. पुढे डोक्याला मार लागला की तीच चाचणी परत. गुण घसरले तर खेळ बंद. आपला धाकटा रुबेन पहिल्याच वेळी मुद्दाम चुकला. जेवताना फुशारकी मारत होता की सगळेच असं करतात, म्हणजे नंतर घसरायला जागाच उरत नाही. शनिवारी सराव सामन्यात तो हेल्मेटसकट डोक्यावर आपटला. काल परत चाचणी झाली, आणि पास! संध्याकाळी अंगणात उभा राहून तो ‘बक, बक’ अशा हाका मारत होता. आपला कुत्रा जाऊन दोन वर्षं झाली, बाबा.

गावात दुकानांच्या काचांवर पोरांचे नंबर रंगवलेत. आईनेही खिडकीवर रुबेनचा मोठा ५४ काढलाय. ती म्हणते, बाबा येईपर्यंत गप्प बस. मला वाटायचं, पदवी मिळाली की घरात माझं ऐकतील.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.
तुमची मारीसोल


समुद्रातल्या तेलविहिरीवरून
२३ ऑगस्ट

चि. मारीसोलला अनेक आशीर्वाद.

ट्रकची बॅटरी बदलली का? आई रस्त्यात अडकेल.

पदवी घेतलीस ते माहीत आहे, डॉक्टर कधी झालीस ते कळवलं नाहीस! अगं, मी शाळेत फुटबॉलमध्ये चार वर्षं ढुशा खाल्ल्या. एकदा तर समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसलो, सगळे पोट धरून हसले. काय बिघडलं माझं? शुक्रवारी पहिल्या सामन्याला कॉलेजचा माणूस रुबेनला शिष्यवृत्तीसाठी बघायला येतोय. तू पुस्तकांच्या जोरावर बाहेर पडलीस, त्याच्याकडे खांदेच आहेत. मी इथे पाण्याच्या मधोमध, करू तरी काय? पण त्याचं दार तू लावू नकोस.

आईला सांभाळ. आणि हो, ट्रकची बॅटरी बदलली का ते कळव.
तुझा बाबा


सॅडल क्रीक
२८ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांना शि. सा. न.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. बॅटरीचं तुम्ही वरही विचारलंत आणि खालीही. बाबा, निघायच्या आदल्या दिवशी ती तुम्हीच बदललीत. मी टॉर्च धरून उभी होते.

काल कोचना जाऊन सगळं सांगितलं. ते हातातली टोपी फिरवत म्हणाले, पोरी, एक आठवडा थांबली असतीस तर. रुबेनला त्यांनी संघाबाहेर बसवलंय. उद्या कॉलेजचा माणूस येईल आणि दुसऱ्या कुणाला तरी बघेल. रुबेन म्हणतो, त्याला बहीण नाही. आईने खिडकीवरचा ५४ पुसला नाही. माझं ताट मात्र वाढलं नाही. आत्ता रस्त्यावरून बँड चाललाय, सगळं गाव मागे नाचतंय, आणि रुबेन पडदे ओढून पडलाय. त्याला उजेड सहन होत नाही.

तुम्ही आठ तारखेला याल. नऊ तारखेला डॉक्टरांकडे मी दोन नावं घातली आहेत. एक रुबेनचं, एक तुमचं.

उरला असेल तेवढा लोभ ठेवा.
मारीसोल