राखेतलं बियाणं

अहो,

परतीचा पाऊस चुकला, विहीर आटली, तसं तुम्ही मला हडपसरला आपल्या लेकाकडे, रविराजकडे धाडलंत. इथं नळ सोडला की पाणी. हात धुतानाही माझा जीव वरखाली होतो.

काल तुम्ही पाठवलेलं ज्वारीचं पोतं आलं, भाकरीसाठी. सोडलं, तर दाण्यांत राख नि कडुनिंबाचा पाला, बियाण्याला कीड लागू नये म्हणून घालतो तसा. मी स्वतः राखून ठेवलेलं बियाणं मला ओळखू येणार नाही? म्हणजे यंदा पेरलंच नाही तुम्ही. आणि फोनवर रोज सांगता, "ज्वारी कमरेला लागलीय, तू घोर करू नको."

रविराजला म्हटलं, ज्वारी किडलीय, दुकानातून पीठ आण. पोतं पलंगाखाली लपवलंय. हे पत्रही त्यातच घालते, पुढच्या पेरणीला सापडेल.

संध्याकाळी फोनवर विचारीन, "हुरड्याला आली का?"

तुम्ही हो म्हणा.

तुमची,
सोजर