दादाचा हलका स्टँड

ता. २ जून

चि. बारक्यास ताईचे अ. आ.

दादाच्या कॅमेऱ्यासाठी तू पाठवलेला तो काटकुळा स्टँड तुझा तू परत घेऊन जा. शाळेचा ग्रुप फोटो हलला. मुख्याध्यापिकाबाईंना दोन नाकं आलीत आणि मागच्या रांगेतली पोरं त्यांच्या आयांनाही ओळखू यायची नाहीत. दादा तेव्हापासून स्टुडिओत नुसता भिंगं पुसत बसतो. मीच शाळेत जाऊन हातापाया पडले, तेव्हा बाई वीस तारखेला पुन्हा काढू म्हणाल्या. या वेळीही बिघडला तर दुसरा फोटोग्राफर. आणि शाळा गेली की दादा दुकानाला कुलूप लावणार, हे मला त्याने न सांगता कळतं.

जुना लोखंडी स्टँड जड होता, जिन्यात दम लागून दादा मध्येच बसला, म्हणून मीच तुला हलका बघ म्हटलं होतं. पण हलका म्हणजे फुंकरीने उडेल असा नव्हे. दुकानदाराला जाब विचार. मला फोन करू नकोस, इथला फोन दादाच्या शेजारीच असतो.

तुझ्या बायकोची पाठ कशी आहे? माया आहे म्हणून एवढ्यावरच थांबते.

ताई

ता. ८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान गरम झाले. दुकानदार म्हणतो, हा स्टँड दादाच्या कॅमेऱ्याच्या तिप्पट वजन सहज पेलतो. मधला दांडा वर ओढला असेल तर खाली बसव, उंची पायांनीच वाढव. खाली आकडा आहे, त्याला दादाची पिशवी टांग. तरीही हलला तर बदलून देईन म्हणतो, पण कशाने हलतो ते बघून सांगा म्हणाला. दादाला विचारण्यात अर्थ नाही, तो सगळंच उत्तम आहे म्हणतो.

हिची पाठ बरी आहे. तुझा आवाज पत्रातूनही ऐकू येतो म्हणते. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा बारक्या

ता. १३ जून

चि. बारक्यास अ. आ.

दांडा बसवला, पिशवी टांगली आणि दादाला म्हटलं, आता माझाच फोटो काढ. स्टुलावर बसून समोरून बघत राहिले. दादा लांब होता तोवर स्टँड खांबासारखा उभा. मग तो कॅमेऱ्यात बघायला वाकला आणि सरळ होताना त्याने डावा हात स्टँडवर टेकला. टेकला म्हणजे सगळा भार टाकला. हात तिथेच ठेवून फोटो काढला. गुडघे उभं राहू देत नाहीत रे त्याला. लोखंडी स्टँड इतकी वर्षं त्यालाही धरून होता, आणि तू दुकानात वजन सांगितलंस ते नुसतं कॅमेऱ्याचं.

काठी घे म्हटलं, तर म्हणाला, काठी टेकत आलेल्या माणसाने लोकांना हलू नका कसं सांगायचं. माझा खांदा धर म्हटलं, तर म्हणे, तू बोलताना हलतेस, आणि गप्प तू बसत नाहीस.

तेव्हा दुकानदाराला नीट विचार. पाय जाड, सांधे कमी, दादाच्या डोळ्याइतका उंच म्हणजे वाकायला नको, आणि माणसाने हात टेकला तरी हलणार नाही असा स्टँड मिळतो का? थोडा जड चालेल, जिन्यातून मी नेईन. मिळत नसेल तर तसं साफ लिही, मग वीस तारखेला लोखंडीच मी खांद्यावर घालून शाळेत नेते. दादा रुसला तर रुसला. मी लिहिलंय हे त्याला कळू देऊ नकोस.

सतरा तारखेच्या आत उत्तर हवं. आहे किंवा नाही, एवढंच लिही. बघतो म्हणून लिहिलंस तर पत्र फाडून टाकीन.

ताई