तीन बरण्या

लष्कर, ग्वाल्हेर
६ ऑक्टोबर १९५६

प्रिय सौ. शरयूस,

देवासहून तुझं पत्र मंगळवारी मिळालं. सातवा लागला, पाय सुजत नाहीत, आईंच्या हातचं अंगी लागतंय, वाचून बरं वाटलं. नई सडकेवरून पिवळी लोकर घेतली आहे, कोणी येणारं असलं की पाठवतो. कॉलेजात मात्र सगळा गोंधळ. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मध्यभारत राज्य जाणार, मध्यप्रदेश येणार, आणि आमच्या प्राणिशास्त्राच्या कपाटातला निम्मा माल भोपाळला.

तू लिहिलंस, "यंदा मला येता येत नाही, सर्वपित्रीला कडुनिंबाखाली दूध तुम्ही घाला." गेलो होतो. तांब्या भरून स्वर्णरेखा नदीच्या काठापर्यंत नेला आणि तसाच परत आणला.

शरयू, तिथं काही नव्हतं. चार वर्षं तू रिकाम्या मातीवर दूध घातलंस.

तेव्हा तुझं पोट पडलं, तर कंपूच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ते कापसात गुंडाळून माझ्या हाती दिलं होतं. "एवढासा जीव, नीट पुरा कुठंतरी," म्हणाल्या. तू शुद्धीवर नव्हतीस. मी आधी कॉलेजात गेलो. कपाटात मासा, कोंबडी, ससा, बकरी अशी गर्भांची ओळ होती, माणसाची जागा रिकामी. दरवर्षी पोरांना सांगायचो, सुरुवातीला सगळ्यांची घडण एकच, सगळ्यांना शेपूट, सगळ्यांच्या मानेशी माशासारख्या खाचा. तेव्हा वाटलं, ओळ पुरी होईल, आणि आपलं बरणीत घालून तिथं ठेवलं. एवढंच वाटलं, पक्का मास्तर. दुःख नंतर झालं, तोवर कडुनिंबाखाली पुरलं असं तुला सांगून बसलो होतो.

काल ठरवलं, ती बरणी भोपाळला जाऊ द्यायची नाही. गेलो तर आमचा शिपाई तुकोजी बरण्या पुसत होता. म्हणाला, "साहेब, मध्यभारतच्या चिठ्ठ्या सगळ्या भिजवून काढल्या, एकदम साफ. आता नव्या राज्याच्या लावायच्या ना?" कामाचा माणूस, त्याला काय बोलणार.

मासा आणि कोंबडी ओळखू आली. उरल्या तीन बरण्या. खिडकीशी नेल्या, भिंगाखाली धरल्या. ससा, बकरी आणि आपलं. तिन्ही नखाएवढी, तिन्ही तशीच वाकलेली, डोळ्याच्या जागी काळा ठिपका. दहा वर्षं हेच शिकवतोय मी. दोन तास बसलो, पण आपलं कुठलं ते कळलं नाही.

तिन्ही नेली आणि कडुनिंबाखाली पुरली. सरकारी माल आहे, यादीत कमी पडेल, नोकरीवर येईल. येऊ दे. तिघांवरही दूध घातलं.

तुला या दिवसांत हे कळवू नये, एवढं समजतं मला. पण तू परत आलीस की पुन्हा तांब्या घेऊन निघशील, आणि मला तुझ्यामागे गप्प उभं राहवणार नाही. मला फार लाज वाटते. आता जे येणार आहे, ते माझ्या हाती द्यायचं की नाही, ते तू ठरव.

आपलं मूल न ओळखलेला,
श्रीपाद