डबल बेल

हिंगोली, फेब्रुवारी २००९

प्रिय मिरा,

तुला प्रिय म्हणायला माझ्या गळ्यात नळी बसवावी लागली बघ. बोलता येत न्हाई म्हणून लिहून राहिलो. तुला चष्म्याबिगर वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलंय. आठवतं, लग्न झाल्यावर पुसेगावच्या गाडीत मी बेलची दोरी तुझ्या हातात दिली होती? एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते, म्हणून सांगितलं. तू लाजून ओढलीच न्हाईस. त्या कंडक्टरकीत जन्मभर ओरडलो, धूळ खाल्ली, वर तुझ्या शिव्या खात बिड्या ओढल्या. आता हे मशीन माझ्यासाठी श्वास घेतं. नळीला जोडलेला त्याचा पाइप हातभर लांब. कुशीवर वळायचं तरी सिस्टरला खुणावावं लागतं. खुंट्याच्या बैलालाबी याहून मोठा दोर असतो.

रोज सकाळी डॉक्टर पाइप काढून बघतात. म्हणतात, मशीनवर जितकं पडून राहाल तितकी छाती आळशी होईल, मग हे कायमचं मागं लागेल. मला त्याचंच भ्याव आहे. पण पाइप निघाला की तू माझा हात घट्ट धरतेस अन् दम लागून राहिला का म्हणून विचारतेस. तू विचारशील त्याला व्हय म्हणायचं, हीच आपल्या संसाराची रीत. मान हलते. तुझा चेहरा पाहून मग खरंच जीव घाबरा होतो, अन् सिस्टर पाइप परत लावते. डॉक्टरांना वाटतं, पेशंटमध्ये जोर न्हाई.

सोमवारी तू हळद शिजवायला तांड्यावर गेलीस, तेव्हा पाइप निघाला. छाती धडधडली, घाम फुटला. पण कोणी विचारलं न्हाई, म्हणून मान हलली न्हाई. सिस्टरनं साऱ्या खाटांच्या चादरी बदलल्या, तरी मी माझाच श्वास घेत होतो. संध्याकाळी तू पिवळ्या हातांनी आलीस अन् मला एकटं सोडलं म्हणून रडलीस. मग हे सांगायचं कसं?

म्हणून लिहिलं. उद्या सकाळी आत येऊ नको. रागावशील, तर रागाव. तुझ्याबिगर मला जगायचं न्हाई, पण तेवढा वेळ तुझ्याबिगर श्वास घेऊ दे. दाराबाहेरच्या बाकावर बस. मी खाटेच्या लोखंडावर चमचा एकदा वाजवला, तर धावत ये. दोनदा वाजवला, तर बसूनच राहा. गाडी निघाली.

तुझाच,
रामप्रसाद