रास कोपऱ्यात गेली तेव्हा

बाबा,

काल तुमचा एक प्रश्न मी भर बैठकीत विचारून आले. कोणता, ते सांगण्याआधी तुम्हाला राइस मिलच्या त्या सिमेंटच्या अंगणात नेते. धान वाळवायचं ते अंगण तुमच्या ताब्यात होतं. संध्याकाळी मजूर बाया वाळलेलं धान ओढून मधोमध रास लावायच्या, वर ताडपत्री पडायची, आणि तुम्ही गोंदियाच्या बाजारातून आणलेले स्केट्स घालून मी तिच्याभोवती गरगर फिरायची. अट एकच. रास उजव्या हाताला ठेवायची, देवळातल्या प्रदक्षिणेसारखी. "रास लक्ष्मी हाये. तिले उलटी फेरी घालू नोको."

मग जिल्ह्याच्या स्केटिंग शर्यतीत साऱ्या पोरी डावीकडे वळल्या आणि मी उजवीकडे. धडक झाली, कोपर फुटलं, लोक हसले. घरी येऊन मी तुमच्यावरच आग पाखडली. अख्ख्या जगाचा नियम आहे, शर्यत डावीकडेच वळते! तुम्ही घास हातात धरून म्हणालात, "त्या नियमवाल्यायनं आपल्याले इचारलं होतं काय?" मला तुमची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बघते तर रास अंगणाच्या कोपऱ्यात. ओढायचं अंतर वाढलं म्हणून बाया कुरकुरताहेत, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणताय, "आता फिर कशीबी. रस्त्यात लक्ष्मी नाही."

आता मी पोरींना शिकवते. त्यांत दरेकसा गावची एक आहे, वळणावर तिला कोणी गाठू शकत नाही. आपल्याकडे या खेळाच्या दोन संघटना भांडताहेत आणि जागतिक संघटना त्यातल्या एकीलाच मानते. ही पोर दुसऱ्या संघटनेच्या शर्यतीत धावली, कारण जवळ तीच होती. काल बैठकीत मान्यता असलेल्या संघटनेचे साहेब म्हणाले, "मॅडम, इंटरनॅशनल रूल है. लड़की को निकालो, नहीं तो आपका पूरा क्लब बाहर."

मी उठून उभी राहिले. "रूल बनाते समय हमसे पूछा था क्या? इस लड़की से पूछा था?" तिला काढणार नाही, असं तोंडावर सांगून निघाले. पोरीसाठी लक्ष्मी सरकवणाऱ्या माणसाची लेक आहे मी, यांच्या रूलला काय भीक घालते! क्लब बाहेर गेला तर राज्य स्पर्धा सगळ्यांचीच हुकेल. आज सकाळी पोरींना तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि स्केट्सच्या नाड्या आवळल्या.

हे पत्र पाठवू तरी कुठे? जुन्या स्केट्सखाली ठेवते. आणि फक्त तुम्हाला सांगते, काल बोलताना माझे पाय लटपटत होते. पायांत चाकंही नव्हती, तरी.